बंद व्हायलाच तयार नाही!

दोस्तांनो, संगणक सुरू होत नाही ही तक्रार तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. पण सुरू असलेला संगणक बंदच होत नाही, ही तक्रार ऐकलीत कधी? आमच्या शाळेत हा प्रकार घडला. त्यात माझ्या हातून एक चूक झाली, तीही आज सांगणार आहे.

आमच्या शालेय मंत्रिमंडळात एक संगणकमंत्री असते. यंदा सातवीतली एक मुलगी आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की संगणक बंद करायचा आणि किल्ली माझ्याकडे आणून द्यायची, हे तिचं काम. त्या शनिवारी तिने 'शट डाउन' केलं आणि पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके आले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. ठिपके आपले फिरतायत! बाहेर वडापवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी तिने भिंतीवरचं बटणच बंद केलं आणि पळाली.

सोमवारी संगणक सुरू झाला खरा, पण आमच्या हस्तलिखिताची फाइल उघडली तर आत काहीच नाही. अकरा जणांच्या गोष्टी, तीन आठवडे टाइप केलेल्या! मी तिला सगळ्या वर्गादेखत बोलले. ती एवढंच म्हणाली, "बाई, मी खूप वेळ थांबले होते." माझं काही तिच्याकडे लक्ष नव्हतं.

आता बघा, बंद होताना संगणक एवढा वेळ करतो तरी काय? शाळा सुटल्यावर शिपाईमामा कुलूप घेऊन दाराशी उभे राहतात. पण लगेच कुलूप लावतात का? प्रत्येक वर्ग रिकामा झाला का, खिडक्या लागल्या का, हे बघून मगच लावतात. एखाद्या वर्गात गुरुजी अजून शुद्धलेखन घालत असतील, तर मामा कुलूप हातात धरून ताटकळत राहतात. संगणकाचंही तसंच. आपण लिहिलेलं सगळं लगोलग डिस्कवर जातंच असं नाही, काही मजकूर तात्पुरत्या स्मरणात थांबलेला असतो. बंद होताना तो डिस्कवर उतरवायचा, चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला 'आवर आता' म्हणायचं, प्रिंटरसारख्या जोडलेल्या यंत्रांचा निरोप घ्यायचा, आणि मग वीज तोडायची. यातल्या एकाने जरी 'थांबा, माझं व्हायचंय' म्हटलं की सगळं अडून बसतं.

पूर्वीच्या संगणकांना तर स्वतःची वीजसुद्धा तोडता येत नसे. १९९५ साली विंडोज ९५ आलं, तेव्हाच्या पुष्कळ संगणकांवर शेवटी काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता संगणक बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ यायची. ती आली की आपण उठून बटण दाबायचं. सोपा कारभार!

बरं, तुमच्याकडे असं झालं तर काय कराल? आधी थांबा. पडद्यावर 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' असं लिहिलेलं असेल तर अर्धा तास लागला तरी हात लावायचा नाही. तसं काही लिहिलेलं नसेल तर डब्यावरचा डिस्कचा छोटा दिवा बघा. तो लुकलुकत असेल तर आत लिहिण्याचं काम चाललंय. दिवा कितीतरी वेळ गप्प असेल, पेनड्राइव्ह आणि प्रिंटरची वायर काढूनही फरक पडत नसेल, तर चालू करायचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा. पण लक्षात ठेवा, हेही वीज तोडणंच आहे. रोज करायची गोष्ट नव्हे ही.

आणि 'रिस्टार्ट' करताना काळ्या पडद्यावर अडकला, तर पहिल्यांदा पेनड्राइव्ह आत राहिलाय का ते बघा. कधी कधी संगणक विंडोज शोधायला आधी त्या पेनड्राइव्हमध्येच डोकावतो. तिथे काही मिळत नाही आणि बसतो वाट बघत.

आणखी एक गंमत. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोज पुरतं बंद होत नाही. आपला काही भाग डिस्कवर जपून ठेवतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी लवकर सुरू होता येतं. 'रिस्टार्ट'मध्ये मात्र सगळं पहिल्यापासून होतं. म्हणून रिस्टार्ट नीट होतं पण शट डाउन अडकतं, असं दिसलं तर मोठ्या माणसाला सांगून ती सोय बंद करून बघा.

आमच्याकडे दोन्ही अडकत होतं. म्हणजे कारण दुसरं. त्या आठवड्यात रोज तेच व्हायला लागलं, आणि आता बटण बंद करायला संगणकमंत्री नव्हती, मीच होते! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिला बोलावलं. आम्ही 'शिफ्ट' दाबून धरून रिस्टार्ट केलं आणि 'सेफ मोड'मध्ये गेलो. यात विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन सुरू होतं. तिथून शट डाउन केलं, तर काही सेकंदांत बंद! म्हणजे यंत्र ठीक, विंडोजही ठीक. नंतर कोणीतरी बसवलेल्या प्रोग्रॅमपैकी एक नाठाळ आहे. असे होते सोळा.

"एकेक बंद करून बघायचा का, बाई?" तिने विचारलं. तसं केलं तर सोळा वेळासुद्धा लागल्या असत्या. मी म्हटलं, "अर्धे बंद करू." आठ बंद, आठ चालू. संगणक नीट बंद झाला, म्हणजे नाठाळ बंद केलेल्या आठांत. मग त्यातले चार, मग दोन, मग एक. चार फेऱ्यांत चोर हातात! वहीत उभ्या रेघा मारून तुम्हीही करून बघा. बत्तीस प्रोग्रॅम असते तरी पाचच फेऱ्या लागल्या असत्या.

चोर कोण निघाला, माहिती आहे? एका जुन्या स्कॅनरचा प्रोग्रॅम. तो स्कॅनर दोन वर्षांपासून कपाटात धूळ खातोय आणि त्याचा प्रोग्रॅम रोज त्याला आत शोधत बसायचा. आम्ही तो काढून टाकला. संगणक आता पटकन बंद होतो.

गुरुवारी परिपाठ झाल्यावर मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, की संगणक हिने बिघडवला नव्हता, तो आधीच बिघडलेला होता, आणि मी न विचारता बोलले ते चुकलं. फाइलची दुसरी प्रत काढून ठेवायची होती, ती मीही काढली नव्हती. नऊ गोष्टी मुलांच्या वह्यांत होत्या, त्या पुन्हा टाइप झाल्या. दोन थेट संगणकावर लिहिल्या होत्या, त्या गेल्या. त्यातली एक तिचीच होती. ती आता पुन्हा लिहितेय, आधी वहीत.

काल मधल्या सुट्टीत ती आली आणि म्हणाली, "बाई, तो स्कॅनर कपाटातून काढून खरंच जोडला, तर त्याचा प्रोग्रॅम नीट वागेल का हो?"

शनिवारी जोडून बघणार आहोत.