वळिवड्याची मुले आणि आपला वर्ग

गडमुडशिंगीची मुले दिवाळीचे कपडे घ्यायला शेजारच्या गांधीनगरात जातात. त्याच जागी 1943 ते 1948 या काळात वळिवड्याची छावणी होती. तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. इतिहासाच्या तासाला आपण ही हकिकत कोल्हापूरच्या पाहुणचाराची म्हणून सांगतो, आणि तो अभिमान रास्तच आहे. पण ही मुले आधी कोणत्या शाळेत बसली होती, हे शिक्षकांनी तरी विचारायला हवे.

17 सप्टेंबर 1939 रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या आणि तिथल्या शाळा बदलल्या. धर्मशिक्षण गेले, पोलंडचा इतिहास गेला, क्रूस उतरले, स्टालिनची चित्रे लागली. कित्येक मुलांनी पुढे एकच प्रसंग लिहिला आहे. देवाकडे मिठाई मागा, असे वर्गात सांगत. काही येत नसे. मग स्टालिनकडे मागायला लावत, आणि मिठाई येई. हे करणारी माणसे शिक्षक होती. ज्याच्या शब्दावर मूल डोळे मिटून विश्वास ठेवते, त्यानेच तो विश्वास वापरला. मला याची चीड येते.

तरी पुष्कळ मुले बधली नाहीत, कारण घरी आई वेगळे सांगत होती. अशा राजवटींना घर नकोसे वाटते ते यामुळेच. 1932 मध्ये मारल्या गेलेल्या पावलिक मोरोझोव या मुलाला सोव्हिएत मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवले गेले, ते त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली असे सांगून. हिटलरनेही 1936 च्या कायद्याने जर्मन मुलांना आपल्या युवक संघटनेत ओढले.

फेब्रुवारी 1940 पासून ही पोलिश कुटुंबे मालगाड्यांत भरून सैबेरियात, कझाकस्तानात धाडली गेली. 1942 मध्ये त्यांतली काही इराणमार्गे सुटली. सुटलेल्या अनेक मुलांकडून, काय पाहिले त्यावर निबंध लिहून घेतले गेले. ते आज अमेरिकेतल्या हूव्हर संस्थेत जपलेले आहेत. सुटलेल्यांपैकी काही वळिवड्याला पोचली; तिथे पोलिश शाळा उभ्या राहिल्या, बालवीर पथके निघाली. देशभक्ती तिथेही शिकवली जाई, पण आईला परकी ठरवून नव्हे.

शिक्षकबंधू-भगिनींनो, यंदा आठवी-नववीच्या मुलांना वळिवड्याला न्या. परतल्यावर एकच लिहायला सांगा: प्रश्न न विचारता मान्य कर, असे मला कोण आणि कशाबद्दल सांगते? त्या उत्तरांत तुमचे नाव आले तरी वही शांतपणे वाचा, आणि तिला गुण देऊ नका.