छंद घरचा, रसायन कारखान्याचे

गणेशोत्सव जवळ आला की मंडळाच्या टी-शर्टांची चर्चा सुरू होते. शाळा-कॉलेजांत स्नेहसंमेलनाचे शर्ट असतात, ट्रेकला जाणाऱ्या गटाला आपले बोधचिन्ह हवे असते, कुणाला भावाच्या वाढदिवसाला त्याचे टोपणनाव छापलेला शर्ट द्यायचा असतो. हे काम पूर्वी गल्लीतल्या छपाईवाल्याकडे जायचे. आता चौकट, जाळीचे कापड, रबरी पट्टी आणि शाईचा डबा घरपोच मिळतो, कृती मोबाइलवर दिसते आणि एखाद्या रविवारी घरातच पहिला शर्ट छापून पाहिला जातो. हाताने काही घडवण्याची ही हौस चांगलीच आहे आणि तिला मोडता घालण्याचे कारण नाही. मात्र यात वापरली जाणारी काही रसायने कारखान्यातही हातमोजे घालून हाताळायची असतात. ती न्हाणीघरात आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन बसतात आणि त्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. ते बोलायला हवे.

स्क्रीन प्रिंटिंगचे तत्त्व सोपे आहे. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पॉलिएस्टरची बारीक जाळी ताणून बसवतात. कापडावर छापण्यासाठी साधारणपणे एका सेंटिमीटरला ४३ धागे असलेली जाळी वापरली जाते. जिथे शाई नको तिथली छिद्रे बुजवायची, जिथे हवी तिथली मोकळी ठेवायची आणि रबरी पट्टीने म्हणजे स्क्वीजीने शाई ओढायची. उघड्या छिद्रांतून शाई खालच्या कापडावर उतरते. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये जाळीवरच्या छपाईचे पेटंट घेतले, तरी साच्यातून रंग उतरवण्याची कला त्याहून कितीतरी जुनी आहे. महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिका, दुकानांचे स्टिकर आणि कापडी फलक वर्षानुवर्षे याच पद्धतीने छापले गेले.

खरा प्रश्न छिद्रे बुजवण्याच्या पद्धतीत आहे. अक्षरे किंवा चित्र बारकाव्यांसह हवे असेल तर जाळीवर प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप लावतात. हा लेप मुळात पाण्यात विरघळणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाचा असतो आणि त्यात एक ‘सेन्सिटायझर’ मिसळतात. लेप अंधारात वाळवून त्यावर चित्राची काळी फिल्म ठेवायची आणि उन्हात किंवा दिव्याखाली धरायचे. उजेड लागलेला भाग घट्ट होतो आणि फिल्मखालचा भाग मऊच राहतो. मग पाण्याचा फवारा मारला की मऊ भाग वाहून जातो आणि चित्राच्या आकाराची छिद्रे मोकळी होतात.

हा सेन्सिटायझर तीन प्रकारचा असू शकतो. एक जुना, स्वस्त आणि नारिंगी रंगाचा : अमोनियम किंवा पोटॅशियम बायक्रोमेट. दुसरा डायझो वर्गातला. तिसऱ्या प्रकारात लेप तयारच मिळतो, त्यात वेगळे काही मिसळावे लागत नाही. शर्टावरचे चित्र तिन्हींनी सारखेच उमटते. आरोग्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात मोठा फरक आहे.

बायक्रोमेटमधले क्रोमियम ‘क्रोमियम-६’ या रूपात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्रोमियम-६ च्या संयुगांना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षे धूळ किंवा तुषार श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांचा. त्वचेवरचा परिणाम मात्र घरच्या हौशी माणसालाही होऊ शकतो. बायक्रोमेट हे त्वचेची ॲलर्जी करणारे ओळखीचे रसायन आहे. सिमेंटचे काम करणाऱ्या गवंड्यांच्या हातांना होणाऱ्या चिवट इसबामागे बऱ्याचदा हेच क्रोमियम असते. एकदा शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिक्रिया द्यायला सुरुवात केली की ती सहसा आयुष्यभर राहते. मग कमावलेल्या चामड्याची चप्पल किंवा घड्याळाचा पट्टाही त्रास देऊ शकतो. जखमेत हे रसायन गेले तर खोल, लवकर न भरणारे व्रण होतात. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात क्रोमियममुळे होणाऱ्या व्रणांचा समावेश सरकारला कळवायच्या व्यवसायजन्य रोगांत होता. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ नंतर बायक्रोमेट विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उजेड पडतो तेव्हा क्रोमियम-६ चे रूपांतर तुलनेने बऱ्याच कमी घातक अशा क्रोमियम-३ मध्ये होते आणि त्यामुळेच लेप घट्ट होतो. म्हणजे जाळीवर उरतो तो भाग बराचसा निवळलेला असतो. ज्या भागाला उजेड लागलेला नाही, ज्यातले क्रोमियम-६ अजून तसेच आहे, तोच भाग आपण पाण्याने धुऊन काढतो. हे धुणे घरात कुठे होते? न्हाणीघरात, नळाखाली, उघड्या हातांनी. पिवळसर पाणी बादलीत, फरशीवर आणि मोरीत जाते. थोड्या वेळाने त्याच फरशीवर लहान मूल आंघोळीला बसते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम चालत नाही. चमचाभर भुकटीत किती हजार मिलिग्रॅम असतात, याचा विचार केला तर ते गटारात सोडणे योग्य नाही हे सांगावे लागू नये.

इथे प्रमाणाचे भानही ठेवले पाहिजे. एक शर्ट छापल्याने कुणाला कर्करोग होत नाही आणि तशी भीती घालणे चुकीचे आहे. घरातले खरे धोके जास्त साधे आणि जास्त जवळचे आहेत : हाताला उठलेले पुरळ, डोळ्यात उडालेला थेंब आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेले नारिंगी द्रावण सरबत समजून पिणारे मूल. बायक्रोमेट पोटात गेले तर मूत्रपिंड आणि यकृताला गंभीर इजा होते आणि जीवही जाऊ शकतो. हा शेवटचा धोका टाळायला फारसे विज्ञान लागत नाही. खाण्यापिण्याच्या बाटलीत रसायन कधीही भरायचे नाही, एवढे पुरते.

दुसरा प्रश्न थिनरचा. तेलाच्या घटकांवर आधारलेली शाई वापरली की जाळी पुसायला थिनर, टर्पेंटाइन किंवा रॉकेल लागते. थिनरमध्ये बहुधा टोल्यूइन, झायलीनसारखी द्रावके असतात. बंद खोलीत त्यांच्या वाफेने डोके दुखते, गरगरते, मळमळते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि लांबवरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. एका बाजूला गॅसची शेगडी, दुसऱ्या बाजूला देवापुढचे निरांजन आणि मध्ये थिनरने भिजलेली चिंधी, ही मांडणी छोट्या घरात सहज जमून येते. आग लागायला तेवढे पुरेसे असते. रॉकेल किंवा थिनर कुणी चुकून प्यायले तर त्याला ओकारी काढायला लावू नये. द्रव फुप्फुसात जाऊन जास्त इजा करतो. थेट रुग्णालय गाठावे.

तिसरा प्रश्न छपाई झाल्यावरचा आहे. जाळी पुन्हा वापरता यावी म्हणून जुना लेप काढायचा असतो आणि त्यासाठी अनेक जण कपडे पांढरे करायचे ब्लीच वापरतात. लेप नीट निघत नाही, फरशीवर डाग राहतात, म्हणून त्याच ओल्या फरशीवर शौचालय साफ करायचे ॲसिड ओतले जाते. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. खिडकी नसलेल्या चार बाय चारच्या न्हाणीघरात हा वायू काही क्षणांत श्वास कोंडवतो. दमा असलेल्यांना तर तो फारच घातक. ही दोन द्रावणे एका जागी, एका दिवशी वापरायचीच नाहीत.

शाईचेही तसेच. दुकानातल्या जाड, रबरासारख्या चमकदार छपाईसाठी ‘प्लास्टिसॉल’ वापरतात. ते पीव्हीसीचे कण आणि त्यांना मऊ ठेवणारे द्रव यांचे मिश्रण असते. ते हवेत वाळत नाही. पूर्ण पक्के व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअस तापमान शाईच्या थराच्या तळापर्यंत पोहोचावे लागते. केस वाळवायच्या यंत्राने किंवा वरवर फिरवलेल्या इस्त्रीने ते होत नाही. शाई कोरडी दिसते, पण अर्धी कच्ची राहते आणि धुताना, घामाने सुटते. काही प्लास्टिसॉलमध्ये थॅलेट वर्गातली मऊपणा देणारी रसायने असतात. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने मुलांच्या खेळण्यांत त्यातल्या काहींवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. तान्ह्या मुलाच्या कपड्यावर, जो तो चोखणारच, अशी शाई घरी छापू नये. शर्ट तापवायला ज्या ओव्हनमध्ये केक भाजतो तो ओव्हन वापरू नये, हेही त्यातच आले.

मग पहिल्यांदा करून पाहणाऱ्याने काय करावे? त्याला या बहुतेक रसायनांची गरजच नाही. एक-दोन रंगांचे साधे चित्र किंवा मोठी अक्षरे कागदाच्या किंवा पातळ प्लास्टिकच्या साच्याने उत्तम उमटतात. भरतकामाच्या गोल रिंगमध्ये पॉलिएस्टरचे झिरझिरीत कापड ताणून बसवले तरी थोड्या शर्टांपुरती जाळी तयार होते. शाई पाण्यावर आधारलेली घ्यावी, म्हणजे जाळी साध्या पाण्याने धुता येते. मात्र ती सुकण्याआधी धुवावी लागते. फोटोसारखा बारकावा हवाच असेल तर तयार मिळणारा बायक्रोमेटविरहित लेप घ्यावा आणि उजेडासाठी ऊन पुरते. जंतू मारायचा अतिनील दिवा यासाठी लावू नये, त्याने डोळे आणि त्वचा भाजते.

पाण्यावरची शाई म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. ती टिकावी म्हणून घातलेल्या पदार्थांची काहींना ॲलर्जी असते आणि रंग पक्का करणाऱ्या काही ‘फिक्सर’मधून फॉर्मल्डिहाइड सुटते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी आणि जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट इतकी तयारी हवीच. छपाई वाळल्यावर वर सुती कापड ठेवून वाफ न सोडता, डब्यावर सांगितले असेल तितका वेळ इस्त्री करावी. शर्ट एकदा धुऊन मगच घालावा. डोळ्यात काही उडाले तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि डॉक्टरांकडे जावे. ढवळायला घेतलेला चमचा आणि वाटी पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ‘अमुक छपाईवाले तीस वर्षे उघड्या हातांनी बायक्रोमेट कालवताहेत, त्यांना कुठे काय झाले?’ ज्यांचे हात चिघळले त्यांनी धंदा सोडला आणि ते आता दुकानात दिसत नाहीत, हे या हिशेबात धरले जात नाही. शिवाय ॲलर्जी पहिल्याच दिवशी होत नाही. ती कित्येक वेळा हात लागल्यानंतर एके दिवशी सुरू होते. ‘आजवर काही झाले नाही’ या वाक्यावर उद्याचा भरवसा ठेवता येत नाही. दुसरा आक्षेप पैशांचा आहे आणि त्यात तथ्य आहे : बायक्रोमेट स्वस्त पडते. पण हा फरक धंदेवाल्याला जाणवण्यासारखा आहे. वर्षातून दोन-चार शर्ट छापणाऱ्याला बचतीसाठी हा धोका घेण्याचे कारण नाही.

तरीही सगळा भार ग्राहकावर टाकणे अन्यायाचे आहे. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, धोक्याची खूण नाही, अशी सुटी भुकटी विकली जात असेल तर घेणाऱ्याला कळणार कसे? हौशी लोकांसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचावर मराठीत घटकांची नावे आणि काळजीच्या सूचना असल्या पाहिजेत आणि अशा संचात बायक्रोमेट नसलेच पाहिजे. शाळांच्या कला वर्गांत आणि उन्हाळी शिबिरांत हे रसायन येऊ नये, याचा निर्णय मुख्याध्यापक आणि आयोजक आजच घेऊ शकतात, त्यासाठी कायद्याची वाट पाहायला नको. कृती दाखवणाऱ्यांनी व्हिडिओत हातमोजे घालावेत, कारण पाहणारे तसेच करतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातला घातक कचरा वेगळा गोळा करण्याची केंद्रे उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. उरलेला थिनर आणि लेप नेऊन द्यायला आपल्या भागात अशी जागा आहे का, हे नगरसेवकाला विचारायला हवे.

सर्वांत जास्त काळजी मात्र हौशी माणसांची नाही. एका खोलीच्या घरात, सणासुदीच्या ऑर्डरी घेऊन, रात्रभर शर्ट आणि पिशव्या छापणारी कुटुंबे आहेत. तिथे स्त्रिया जाळी धुतात, मुले शर्ट वाळत घालतात आणि कारखान्याचा कायदा त्या दारापर्यंत पोहोचत नाही. मंडळाने शर्टांची ऑर्डर देताना पाण्यावरची शाई आणि बायक्रोमेटविरहित लेप मागितला आणि त्यासाठी शर्टामागे चार पैसे जास्त मोजले, तर त्या घरातली हवा आणि ते हात, दोन्ही वाचतील.