कोकमाच्या नावाने बाटलीबंद आशा

कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. शरीरात चरबी बनवणाऱ्या एका विकराला ते प्रयोगशाळेत अडवते. एवढ्याच भांडवलावर ‘पोट उतरवणाऱ्या’ कॅप्सूलचा बाजार उभा राहिला आहे. माणसांवर मात्र वेगळेच दिसले. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३५ लठ्ठ व्यक्तींना १२ आठवडे सारखाच बेताचा आहार दिला गेला. कोकमाच्या भावकीतल्या गार्सिनिया कंबोजियाचा अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले, तर अर्क नसलेल्या कॅप्सूल घेणाऱ्यांचे ४.१ किलोने! म्हणजे जे काही उतरले, ते आहारामुळे. उलट अशी उत्पादने घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

साखर उतरवणाऱ्या अर्कांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. गुडमारचे पान चघळून गूळ खाल्ला, तर तो मातीसारखा लागतो. पण जिभेला गोडी कळली नाही म्हणून रक्तातली साखर कमी होत नाही. मेथी आणि कारल्याचा थोडाफार गुण दिसतो, हे खरे. म्हणूनच इन्सुलिन घेणाऱ्याने वर आणखी अर्क ढोसला, तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. अर्क घेतो, हे डॉक्टरांना सांगतो कोण?

मधुमेह आणि स्थूलपणा बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही त्या मोबाइलवर राजरोस फिरतात. अन्न व औषध प्रशासनाने आता दुकानांइतकेच जाहिरातींवरही छापे घालावेत. सोलकढी खुशाल प्यावी. तिने बारीक करण्याचा दावा कधीच केलेला नाही.