पेजेची काय कृती लिहायची?

मी मूळचा कोकणातला. कुणाला पेज छान जमते म्हणून त्याचं कौतुक झालेलं मी सत्तर वर्षांत ऐकलेलं नाही. कोरियातही तीच तऱ्हा. तिथे पेजेला 'जुक' म्हणतात. एखादं काम अगदी सोपं असलं की म्हणायचं, 'ही तर गार झालेली पेज खाणं!' आणि कामाचा विचका झाला की म्हणायचं, 'पेज शिजवली.' बिचारी पेज!

पण अशाच एका पेजेची कृती तिथल्या एका विद्वानाने लिहून ठेवली आहे. हो ग्यून हा कवी आणि सरकारी अधिकारी. १६११ साली तो हाम्योल इथे हद्दपारीत होता. पानात धड काही पडेना, तेव्हा पूर्वी खाल्लेले पदार्थ आठवून त्याने पुस्तक लिहिलं. नाव 'दोमुन देजाक', म्हणजे खाटकाच्या दारासमोर उभं राहून नुसत्याच मिटक्या मारणं!

त्यात त्याच्या आजोळची, समुद्रकाठच्या गांगनुंगची, पेज आहे. तिथे 'बांगपुंग' नावाची औषधी वनस्पती उगवते, आपल्या कोथिंबीर-ओव्याच्या कुळातली. चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात, ऊन लागण्याआधी, दवात भिजलेले तिचे कोवळे कोंब खुडायचे. तांदूळ बारीक कुटून पेज शिजत लावायची आणि अर्धी शिजली की कोंब घालायचे. झाल्यावर गार चिनीमातीच्या वाडग्यात ओतून कोमट असताना खायची. सुगंध म्हणे तीन दिवस तोंडात राहतो.

पुढे तो लिहितो की, दुसऱ्या गावी असताना आपण ती करून पाहिली, पण गांगनुंगची चव जवळपाससुद्धा आली नाही. मला हे फार आवडलं. चव आली नाही, तरी त्याने कृती लिहिली. म्हणून चारशे वर्षांनंतर आपल्याला कळतं की कोंब उन्हाआधी खुडायचे आणि वाडगा गार हवा.

माझी आई तापातून उठलेल्या माणसाला पेज द्यायची, तेव्हा उतरवताना त्यात कसला तरी पाला चुरून घालायची. कसला, ते मी कधी विचारलं नाही. पोरांच्या वह्या तपासण्यात जन्म गेला, पण तिच्या पेजेसाठी एक ओळ लिहून घेतली नाही. पेजेची काय कृती लिहायची, असंच वाटायचं. आता विचारायला कुणी नाही.

लग्नाच्या पंगतीतले पदार्थ आपण हौसेने लिहून ठेवतो. माझं म्हणणं, आधी आजारपणातले लिहा. पाणी किती, पाला कुठला, तो कधी घालायचा. 'तशी चव येणार नाही' म्हणून थांबू नका. हो ग्यूनलाही आली नव्हती.

असो. घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर आजच वही घेऊन बसा.