‘सर्व्हर डाउन’ म्हणजे नेमकं काय डाउन? गावातलं इंटरनेट टिकणार की नाही, हे केबल टाकतानाच ठरतं

“मामा, सर्व्हर डाउन आहे. उद्या या.”

सेतू केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस मराठवाड्यात सापडणं अवघड. सातबारा, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, हमीभावाने सोयाबीन विकण्यासाठीची नोंदणी, ही सगळी कामं आता ऑनलाइन आहेत. त्यातल्या बहुतेकांना शेवटची तारीखही असते. त्यामुळे ‘उद्या या’चा अर्थ एक दिवसाची मजुरी बुडाली आणि गाडीभाडं वाया गेलं इतकाच राहत नाही. कधी कधी योजनाच हातची जाते.

पण अनेकदा सर्व्हर व्यवस्थित चालू असतो. बंद पडलेली असते ती गावापासून पाच-दहा किलोमीटरवर रस्त्याकडेला तुटलेली एक केबल. ती तुटणार की टिकणार, हे बऱ्याच अंशी ती टाकली गेली त्याच दिवशी ठरलेलं असतं. किती खोल टाकली, कोणत्या मशीनने टाकली, पाइपात टाकली की नुसती पुरली, की खांबावर टांगली, यावर सगळं अवलंबून असतं.

हा विषय आत्ताच का?

देशातल्या ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजुरी दिली. तेव्हा तिचं नाव ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ होतं, पुढे ते ‘भारतनेट’ झालं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने हे काम स्वतःकडे घेतलं. ‘महानेट’ हे नाव तेव्हाचं.

फायबर अनेक गावांत पोहोचलं, पण ते सतत चालू राहीना. म्हणून ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्याचा खर्च आहे १,३९,५७९ कोटी रुपये. २.६४ लाख ग्रामपंचायती आणि मागणीनुसार आणखी सुमारे ३.८ लाख गावं यात जोडायची आहेत. ३ वर्षांत जाळं उभारायचं आणि पुढची १० वर्षं ते चालवायचं, दुरुस्त करायचं, असं कंत्राटाचं स्वरूप आहे.

म्हणजे येत्या काळात पुन्हा रस्त्याकडेला चर खोदले जाणार, खांबांवर केबल चढणार. आधीच्या चुका टाळायच्या की परत करायच्या, ते आता ठरतंय.

शिरूर अनंतपाळच्या जमिनीत अडचण काय?

लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत. त्यातला शिरूर अनंतपाळ हा छोटा तालुका. येरोळ, साकोळ, उजेड अशी गावं आणि घरणी नदीचा परिसर. सोयाबीन, तूर, हरभरा पिकवणारी ही काळी जमीन शेतीला चांगली, पण केबलला त्रासदायक.

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात पडणाऱ्या भेगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. हीच हालचाल जमिनीखाली पुरलेल्या पाइपाला दरवर्षी ढकलते आणि ओढते. वरच्या थरात ती जास्त असते, खोल गेलं की कमी होते. त्यामुळे उथळ पुरलेली केबल इथे लवकर दगा देते.

दुसरी अडचण कातळाची. मराठवाड्याचा हा भाग दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसला आहे. कुठे आठ-दहा फूट माती, तर कुठे दोन फुटांवरच मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. एकाच रस्त्यावर एक किलोमीटर खोदकाम लोण्यासारखं होतं आणि पुढच्या किलोमीटरला ब्रेकर लावावा लागतो. कंत्राटदाराचा हात आखडतो तो इथेच.

केबल स्वस्त, खड्डा महाग

फायबर केबल म्हणजे काचेचे बारीक धागे. एकेक धागा १२५ मायक्रॉनचा, साधारण केसाएवढा. त्यातून वीज वाहत नाही, उजेड धावतो. ही केबल काही फार महाग वस्तू नाही. जमिनीखालच्या कामात खर्चाचा मोठा वाटा खोदकामाचा असतो. चर खोदणं, खडक फोडणं, रस्ता ओलांडणं, परत बुजवणं. म्हणून पैसे वाचवायचे तर सगळ्यात सोपा मार्ग एकच, कमी खोदणं.

भारतनेटच्या कामात साध्या मातीत १.६५ मीटर, म्हणजे जवळपास साडेपाच फूट खोलीचं मानक आहे. इतकं खोल कशाला, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर गावातल्याच दुसऱ्या खोदकामात आहे. जलजीवन मिशनची पाइपलाइन साधारण मीटरभर खोलीवरून जाते. गटार, रस्त्याची साइडपट्टी, शेताचा बांध हेही त्याच थरात येतं. केबल साडेपाच फुटांवर असेल तर ही कामं तिच्या वरून निघून जातात. ती अडीच फुटांवर असेल, तर जेसीबीच्या पहिल्याच बकेटला वर येते.

जमिनीखालून टाकताना कोणतं मशीन काय करतं?

*जेसीबी आणि ट्रेंचर:* जेसीबी सगळीकडे मिळतो, पण त्याचा चर रुंद होतो. ट्रेंचरला साखळीवर दाते असतात. तो अरुंद, सरळ आणि एकसारख्या खोलीचा चर काढतो. ओल्या काळ्या मातीत मात्र त्याची साखळी चिखलाने भरते. म्हणून अशी कामं पावसाळ्याआधी किंवा नंतर उरकणं शहाणपणाचं.

*ड्रिलिंग मशीन:* हायवे, रेल्वेमार्ग किंवा ओढा ओलांडायचा असेल तर वरून खोदता येत नाही. तिथे आडवं भोक पाडणारं मशीन लागतं. एका बाजूने ड्रिलची कांडी तिरपी आत जाते. तिच्या टोकाशी सिग्नल देणारं यंत्र असतं आणि वर एक माणूस रिसीव्हर घेऊन ती कुठे पोहोचली ते पाहत चालतो. पलीकडे टोक निघालं की भोक मोठं करत पाइप मागे ओढून घेतात. भोक ढासळू नये म्हणून बेंटोनाइट मातीचा पातळ राडा सोडतात. आधी खाली काय गाडलंय हे तपासलं नाही, तर हेच मशीन पाण्याची लाइन किंवा दुसऱ्याची केबल आरपार भोसकतं.

*ब्लोइंग मशीन:* चरात आधी जातो तो ४० मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पाइप. केबल नंतर आत जाते, तीही दाबाच्या हवेने. कॉम्प्रेसर पाइपात हवा सोडतो, मशीनचे पट्टे केबल पुढे ढकलतात आणि हवेवर तरंगत ती आत सरकते. पाइप नीट असेल तर एका दमात किलोमीटरभर केबल जाते. पाइप दबला, वाकडातिकडा बसला किंवा जोड सुटला असेल तर हवा तिथेच अडते. म्हणजे ब्लोइंग मशीन खोदकामाची परीक्षाही घेतं.

पाइपाचा आणखी एक फायदा आहे. उद्या केबल खराब झाली तर रस्ता न उकरता ती ओढून काढता येते आणि नवी सोडता येते. थेट मातीत पुरलेल्या केबलला ही सोय नाही.

मग खांबावरूनच का नेत नाहीत?

नेतात. भारतनेटच्या दुसऱ्या टप्प्यात विजेच्या खांबांवरून फायबर न्यायला मुभा होती. खांब आधीच उभे असतात, चर नको, खडक फोडायला नको. काम झटपट होतं आणि स्वस्तही पडतं.

यासाठी वेगळी केबल लागते. तिच्यात धातू नसतो. स्वतःचं वजन पेलण्यासाठी आत अरामिड नावाच्या मजबूत धाग्याचं वेष्टन असतं. धातू नसल्यामुळे ती वीजवाहिनीच्या खांबावर लावता येते. ओढताना प्रत्येक खांबावर आधी कप्पी बसवतात. ड्रम स्टँडवर चढवून केबल कप्प्यांवरून ओढतात, ताण मोजतात आणि मग क्लँप आवळतात. कप्पी न लावता केबल खांबावर घासत ओढली किंवा तारेने करकचून बांधली, तर बाहेरून काही दिसत नाही. आतली काच मात्र दुखावते.

आता पुन्हा काळ्या मातीकडे या. पावसाळ्यानंतर कलंडलेले विजेचे खांब या भागात नवीन नाहीत. खांब वाकला की एका बाजूची केबल ताणली जाते आणि दुसऱ्या बाजूची लोंबते. लोंबलेल्या केबलमध्ये उसाचा उंच भरलेला ट्रॉलर किंवा हार्वेस्टर अडकतो. एप्रिल-मेमधला वादळवारा झाडाची फांदी आणून पाडतो. शिवाय दुरुस्तीसाठी खांबावर चढायचं तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्यावी लागते. ती मिळेपर्यंत इंटरनेट बंदच.

खांबावरच्या केबलची एक बाजू मात्र जमेची आहे. ती तुटली तर दिसते. जमिनीखालची शोधावी लागते.

तुटलेली जागा सापडते कशी?

त्यासाठी ओटीडीआर नावाचं हातात धरायचं यंत्र असतं. ते फायबरच्या एका टोकातून प्रकाशाचा झोत सोडतं. तुटलेल्या जागेवरून काही प्रकाश परत येतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. परत यायला लागलेल्या वेळेवरून यंत्र सांगतं, तुटकी जागा इतक्या मीटरवर आहे.

पण ते अंतर केबलच्या लांबीचं असतं, रस्त्याचं नाही. मधे केबल कुठे वळली, जोडाच्या खड्ड्यात किती वेटोळं ठेवलं, हे कागदावर नोंदलेलं नसेल तर टीम अंदाजाने खोदत बसते. जागा सापडल्यावर स्प्लायसिंग मशीन दोन टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतं. हे काम काही मिनिटांचं. बाकीचा वेळ जातो तो जागा शोधण्यात.

एक केबल तुटली तर दहा गावं का बंद पडतात?

जुनी रचना सरळ रेषेची होती. तालुक्याच्या ठिकाणाहून केबल निघाली, एका गावाला, तिथून पुढच्या. मधे कुठे तुटली की पुढचं सगळं बंद. नव्या कार्यक्रमात कड्यासारखी, म्हणजे रिंगची रचना आहे. एका बाजूने तुटली तर डेटा उलट्या दिशेने फिरून गावात पोहोचतो.

कल्पना चांगली आहे, पण तिला एक अट आहे. कड्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या रस्त्यांनी गेल्या पाहिजेत. खर्च वाचवायला दोन्ही केबल एकाच चरात किंवा एकाच खांबांच्या रांगेवर टाकल्या, तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो. कागदावर रिंग राहते आणि गाव अंधारात जातं.

तोडणाऱ्याला काही नियम आहे का?

आहे. नियमांनुसार खोदकाम करणाऱ्याने आधी सामाईक पोर्टलवर सूचना द्यायची आहे आणि नुकसान झालं तर भरपाईही द्यायची आहे. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. समन्वय नसलेल्या खोदकामामुळे देशाचं दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं केंद्र सरकारने तेव्हा सांगितलं होतं.

पण अ‍ॅप तेवढंच सांगू शकतं, जेवढं त्यात भरलंय. केबल नकाशात एका बाजूला आणि जमिनीत दुसऱ्या बाजूला असेल, तर नियम पाळणाराही तिला तोडणार.

सॅटेलाइट आल्यावर ही कटकट संपेल?

महाराष्ट्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि लातूरच्या शेजारचा धाराशिव या जिल्ह्यांचा उल्लेख आहे. दुर्गम वाडी, डोंगरातली शाळा, पुराच्या वेळचा संपर्क यासाठी सॅटेलाइट उपयोगी आहे. पण एका गावातली शाळा, दवाखाना, सेवा केंद्र आणि शेकडो घरं एकाच वेळी चालवायची तर फायबरची क्षमता आणि दीर्घकाळचा खर्च उजवा ठरतो. मोबाइल टॉवरलाही शेवटी मागे फायबरच लागतं. त्यामुळे खड्डा टळत नाही.

गावाने काय पाहायचं?

केबलचं काम दिसतं ते फक्त चर उघडा असेपर्यंत. माती लोटली की खोली मोजता येत नाही, बिल मात्र निघतं. गावाची संधी त्या दोन-तीन दिवसांचीच असते. तेव्हा इतकं करता येतं:

- चर बुजवण्याआधी टेप लावून खोली मोजा आणि फोटो काढून ठेवा. खडकामुळे खोली कमी असेल, तर वरून लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचं संरक्षण दिलंय का, ते विचारा.
- केबल पाइपात आहे का आणि वर सूचना देणारी रंगीत पट्टी टाकलीय का, ते पाहा.
- रस्त्याकडेला मार्गदर्शक खुणेचे दगड बसवलेत का, ते पाहा.
- खांबावरून जाणार असेल तर आधीच कलंडलेले खांब दाखवून द्या. रस्ता ओलांडतानाची उंची उसाच्या भरलेल्या ट्रॉलीशी ताडून पाहा.
- केबलच्या मार्गाचा नकाशा ग्रामपंचायतीत मागून घ्या. पुढच्या वेळी पाइपलाइनवाला किंवा रस्त्याचा ठेकेदार आला की आधी तोच दाखवा.

यातल्या कोणत्याही कामाला इंजिनिअर लागत नाही. टेप, मोबाइल आणि अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास कुणी दिला नाही, तर पुढची दहा वर्षं सेवा केंद्राच्या खिडकीतून तेच उत्तर मिळत राहील. सर्व्हर डाउन आहे, उद्या या.