हिशोब मागायचा, तर सगळ्यांकडे

देवळाली प्रवरात चहाच्या टपरीवर ओळखीच्या एका काकांनी सहज विचारलं, "काय रे, तुमच्या संस्थांना बाहेरून किती येतं?" मी हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर वाटलं, मोबाइल काढून दाखवायला हवं होतं. ही संस्था, हे वर्ष, एवढे आले, एवढे खर्च झाले. बोलणंच मिटलं असतं.

पूर्वी ते जमलं असतं. परदेशी देणगी घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला 'एफसीआरए' कायद्याप्रमाणे केंद्रीय गृहखात्याला दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. तो खात्याच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता यायचा. जुलै २०२२ मध्ये तो तिथून काढला गेला. संस्था हिशोब आजही देतात, तो आपल्याला दिसत नाही एवढंच.

परदेशी पैशावर देखरेख हवी, याबद्दल माझी तक्रार नाही. २०२० च्या दुरुस्तीनं पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यायची सक्ती केली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेनं दुसरीला तो पैसा द्यायला बंदी घातली. त्याच वर्षी 'पीएम केअर्स'ला मात्र या कायद्यातून सूट मिळाली. पुढं दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं गेलं की हा सरकारी निधी नाही, माहिती अधिकार त्याला लागू नाही. गावातल्या छोट्या संस्थेला एक न्याय आणि दिल्लीतल्या मोठ्या निधीला दुसरा, याला देखरेख म्हणायचं कसं?

आता आपल्या राज्याचीही पाळी आहे. २०२५ मध्ये मुख्यमंत्री सहायता निधीला परदेशी देणगी घ्यायची परवानगी मिळाली. चांगलं झालं, आजारी माणसाला मदत मिळेल. पण परदेशातून किती आले आणि कोणत्या जिल्ह्यात किती गेले, हे विचारायचा हक्क आपला आहे. माहिती अधिकाराच्या चळवळीतलं राळेगणसिद्धी आपल्याच जिल्ह्यातलं. केंद्राचा कायदा २००५ चा, महाराष्ट्राचा त्याआधीचा, २००२ चा. अर्जाला दहा रुपये लागतात. टपरीवरच्या दोन चहांत भागेल.

मित्रांनो, एक कडू गोष्टही बोलतो. सरकारकडे बोट दाखवणारे आपण आपल्या ट्रस्टच्या बैठकीत गप्प का बसतो? जकात असो, वर्गणी असो, परदेशातल्या नातेवाइकानं पाठवलेली मदत असो, तो पैसा अमानत आहे. जमाखर्चाचा कागद दरवर्षी नोटीस बोर्डावर लागलाच पाहिजे. ज्याच्यावर संशय घेतला जातो, त्याला उजेडाची गरज सगळ्यात जास्त असते.

गृहखात्यानं हिशोब पुन्हा खुले करावेत, ही मागणी म्हणून आपण सगळ्यात आधी करायला हवी. पुढच्या वेळी काका विचारतील, तेव्हा मला हसून वेळ मारून न्यायची नाही.