कोळशाच्या डोंगरातील नवागत

अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगरात नव्याने राहावयास येणाऱ्याचे मत आठवडाभरात पक्के होते. ओस बाजारपेठ, मोडकी घरे आणि सरकारी मदतीवर चाललेले संसार पाहून तो तेथील लोकांना आळशी ठरवून मोकळा होतो. वेस्ट व्हर्जिनियातील मॅकडॉवेल काउंटीपुरता तरी हा निवाडा तपासून पाहावा. १९५० साली येथे सुमारे ९९ हजार लोकवस्ती होती. २०२० च्या जनगणनेत ती १९ हजारांवर आली. पोलादाच्या भट्ट्यांना येथला कोळसा हवा होता. खाणींत यंत्रे आल्यावर येथले मजूर नको झाले. जमिनीचा व खनिजांचा मोठा हिस्सा मात्र बाहेरच्या कंपन्यांकडेच राहिला. असे बडे मालक खनिजांवर नाममात्र कर भरतात, हे १९८१ च्या अ‍ॅपलेशियातील जमीनमालकी-पाहणीने दाखवून दिले. आणि शाळांचा काही खर्च मालमत्ताकरावर अवलंबून! १९६१ मध्ये केनेडी प्रशासनाच्या प्रायोगिक योजनेतील पहिली अन्नकूपने येथेच वाटली गेली, ती काम गेलेल्या खाणकामगारांना.

याहून गंभीर वाटते ते २०२३ मध्ये वेल्च या मुख्य गावाचे वृत्तपत्र बंद पडणे. नळाला गढूळ पाणी का येते, शाळामंडळाने काय ठरविले, हे आता नियमाने कोण छापणार? नवागताच्या हाती उरतात ती दूरच्या वाहिन्यांची निवडणुकीपुरती चित्रे; आणि त्यांत ओसरीवर बसलेला तोच जुना गरीब माणूस असतो.